जीपची खांदेमळणी

नांदेड

चिपळूणहून नांदेडला पोचेपर्यंत किती गाड्या बदलल्या ते सांगत बसत नाही. प्रवासाचा त्रास सांगायला लागलं की घरचे एकच विचारतात, मग गेलात कशाला? मी गेलो, कारण माझी एकुलती एक मुलगी मेघा तिकडे दिली आहे आणि तिने फोनवर धोशा लावला होता, "बाबा, यंदा पोळ्याला याच." आमच्या कोकणात पोळ्याचं एवढं कौतुक नाही. गुरांना ओवाळायचं ते दिवाळीच्या पाडव्याला. तेव्हा पोळ्यासाठी बापाला एवढ्या लांब का बोलावतेय, हे काही माझ्या ध्यानात येईना. आमची ही गुडघे धरून घरीच राहिली आणि मी एकटा निघालो.

खरं कारण पोचल्यावर चहाबरोबर कळलं. कारण होतं माझ्या व्याह्यांची जीप.

व्याही माणिकराव आणि विहीणबाई प्रयागबाई शिरूर अनंतपाळजवळ गावी राहतात, शेती बघतात. मेघा आणि जावई धनंजयराव नोकरीपायी नांदेडला. माणिकरावांची जीप जुनी, पण धडधाकट. दुखणं एवढंच की तिचा उजवा हेडलाइट मनात येईल तेव्हा जळतो. मागे एका संध्याकाळी नळेगावहून येताना तो ऐनवेळी गेला, जीप रस्ता सोडून सोयाबीनमध्ये उतरली आणि माणिकरावांचं मनगट दुखावलं. आरटीओच्या पासिंगलाही दिव्यांवरून गाडी परत पाठवलेली. आता पोळा झाला की पुन्हा पासिंग होतं, आणि या वेळी दिवा अडला तर जीप भंगारात, असं बापलेकांत ठरलं होतं.

"अण्णा वरून हो म्हणालेत, पण त्यांचा जीव अडकलाय तिच्यात," मेघा सासऱ्यांबद्दल म्हणाली. "बाबा, तुम्ही जन्मभर गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवलंत. तुम्ही नुसतं बघून म्हणालात ना, की हिच्यात आता दम नाही, तर ते ऐकतील. आमचं कोण ऐकतंय!"

म्हणजे मला जीप दुरुस्त करायला नव्हे, तिच्या मरणाचा दाखला द्यायला बोलावलं होतं. मला राग आला. नाडी न बघता मेला म्हणून सांगणारा वैद्य मी नव्हे, असं मी दोघांना सुनावलं. पण मेघाचा चेहरा बघून पुढे बोलवेना. ती खरोखर घाबरलेली होती. तेव्हा बघतो आणि जे असेल ते सांगतो, एवढ्यावर मी गोष्ट मिटवली.

लोह्याच्या रस्त्याने

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकराव मला न्यायला आले ते तीच जीप घेऊन. उंच, काळेसावळे, डोक्यावर पांढरी टोपी, आणि बोलणं असं सावकाश की वाक्य संपेपर्यंत आपण उत्तर विसरावं. "रामराम, इवाई," म्हणाले. आमच्याकडचे व्याही तिकडे गेले की इवाई होतात. मला ते ऐकायला आवडतं, पण सांगितलेलं नाही, नाहीतर चढून बसतील.

जीप पाहून मी चकितच झालो. एवढी जुनी गाडी आणि तिच्या अंगावर गंजाचा ठिपका नाही. हिरवाकंच रंग, मडगार्डच्या कडेला शेंदरी पट्टा, आरशाला लोकरीचा गोंडा, पुढे जाळीवर पितळी घुंगरांची माळ. चिपळुणात अशी गाडी चार पावसाळ्यांत चाळण होते.

माणिकराव जीप चालवतात ती बैलगाडीच्या चालीने. समोर खड्डा आला की "हां, हां, दमानं," असं तिलाच सांगतात. त्या चालीने दोन्हीकडची जमीन मला पोटभर बघता आली. काळी, पाऊस पिऊन सुस्त पडलेली, आणि तिच्यावर नजर जाईल तिथवर सोयाबीन. आमच्याकडे वळण घेतलं की एकदम गाव समोर येतं. इथे गाव लांबूनच दिसतं आणि कितीतरी वेळ येतच नाही.

लोहा जवळ आलं तसं भरदिवसा आभाळ काळवंडलं. माणिकरावांनी दिवे लावले. पुढच्या ट्रकच्या मागच्या फळीवर डावा उजेड लख्ख पडला आणि उजवा देवघरातल्या निरांजनासारखा, पिवळा. वळायचं म्हणून त्यांनी इंडिकेटर टाकला, तर त्याच्या तालावर हेडलाइटही मिचकायला लागला. समोरून येणारा टेम्पोवाला आम्हाला मोटारसायकल समजून थेट अंगावर आला. माणिकरावांनी जीप खाली घेतली म्हणून निभावलं. मेघाचं म्हणणं खोटं नाही हे मला मनोमन पटलं.

लोह्यात चहाला थांबलो. मी बाकावर बसलो, पण माणिकराव आधी बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी बघायला गेले. ते झाल्यावर स्वतः पाणी प्यायले.

"मुक्या जनावराला आदी," म्हणाले. भज्यांची बशी माझ्याकडे सरकवली, वर तळलेल्या मिरच्या ठेवल्या, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पोरांनी सांगितलं आसंल तुमाला."

"काय?"

"जीप इका म्हनून सांगा आसं." मी भजं तोंडात घातलं, म्हणजे बोलायला नको. ते हसले. "मी काय खुळा न्हाई, इवाई. तुमी बगा. तुमी म्हनलाव ना, की हिचं आता काय व्हत न्हाई, तर मी इकतो. पर बगून सांगा. खरं सांगा."

मिरची तिखट होती. डोळ्यांत पाणी आलं ते मी तिच्या नावावर टाकलं.

पुढे अहमदपूर, चाकूर गेलं तसं त्यांनी सांगितलं. त्यांच्या दावणीला हौश्या आणि पाखऱ्या अशी बैलजोडी होती. हौश्या उजवीकडे चालायचा, पाखऱ्या डावीकडे. हौश्याच्या खांद्याला जू घासून घासून गाठ आलेली. दोघं थकले, एकामागोमाग गेले. पुढे गावात पेरणीला ट्रॅक्टर भाड्याने मिळायला लागला, पुन्हा बैल घेणं झालं नाही. त्या साली पोळ्याला प्रयागबाई रिकाम्या दावणीकडे बघत उंबऱ्यात बसून राहिल्या, म्हणून माणिकरावांनी अंगणातली जीप ढकलत नेऊन गोठ्यात उभी केली.

"तवापासनं आमचा पोळा हिचाच," ते म्हणाले.

गोठा

प्रयागबाई ठेंगण्या, हातात हिरव्या बांगड्या आणि सतत कामात. गेल्या गेल्या त्यांनी मला टॉवेल, टोपी आणि नारळ दिला. त्या भागात पाहुण्याला हा मान चुकत नाही. लग्नापासून माझ्याकडे एवढ्या टोप्या जमल्यात की दुकान काढावं. नारळ मात्र कोकणातल्या माणसाला देतात तेव्हा मला हसू येतं. तो घेऊन मी पुन्हा चिपळूणला जातो आणि ही विचारते, "तिकडे काय पिकतं म्हणालात?"

जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, घरोघर करून ठेवलेलं असतं. अर्ध्या तासात दहा माणसांची आमटी होते. प्रयागबाईंनी माझ्यासाठी वेगळा भात केला होता, तोही डोंगराएवढा, कारण कोकणातली माणसं भातावरच जगतात अशी त्यांची खात्री आहे. भाकरीवरून मन हलत नव्हतं, तरी भात संपवला.

मग गोठा पाहिला. गव्हाण तशीच, खुंटे तसेच. जीप गव्हाणीकडे तोंड करून उभी. प्रयागबाईंनी उजव्या दिव्याच्या काचेवरून पदर फिरवला.

"हौश्याला दिसंना झालंय, इवाई," त्या म्हणाल्या. "लई दवापाणी केलं. तुमी मोठे डाक्टर म्हनून सून सांगती."

डाव्या दिव्याला त्या पाखऱ्या म्हणतात, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला, म्हणजे आमच्या पोह्यांसारखे भिजवून परतलेले मुरमुरे, खाऊन मी कामाला बसलो. हत्यारांची पिशवी मी बरोबर आणली होती. ही म्हणालीही होती, "पोळ्याला चाललाय की पंक्चर काढायला?" पण पिशवीशिवाय मला हात नसल्यासारखं वाटतं. डावा बल्ब काढून उजवीकडे लावला, तो तिथे जाऊन मंद झाला. म्हणजे बल्ब शहाणा. टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला साधा छोटा दिवा, लावून पाहिला. स्विचपासून हेडलाइटच्या होल्डरपर्यंत वीज नीट पोचत होती. राहता राहिली परतीची वाट.

वीज जाते तशी तिला परतही यावं लागतं. गाडीत ती जाते वायरीतून आणि परत येते गाडीच्या लोखंडातून. ही परतीची वाट म्हणजे अर्थ. दिव्यापासून निघालेली एक आखूड वायर कुठेतरी बॉडीला बोल्टने कसलेली असते. ती सैल झाली किंवा गंजली, की दिवा पिवळा पडतो आणि दुसऱ्याच्या तालावर नाचतो. हे मला कळतंच होतं. पण मी चिपळूणचा. माझं सगळं शिक्षण गंजावर झालेलं. तांबूस डाग दिसला की तिथे कानस लावायची, आमच्याकडे दहातल्या नऊ गाड्या अशाच बऱ्या होतात. इथे डागच नाही. मडगार्डखाली हात घालून चाचपलं, वायर आत गेलेली, ओढून पाहिली तर ढिम्म हलेना, पक्की. बॅटरीकडचा अर्थ स्वच्छ. जिथे बघावं तिथे गुळगुळीत रंग.

दुपारपर्यंत मी त्या जीपच्या पोटात होतो. शेवटी कपाळाला मडगार्डची कड लागून टेंगूळ आलं, तेव्हा प्रयागबाई धावत हळद घेऊन आल्या. त्यांच्या घरी सगळ्यावर हळदच.

औसा

ज्याने जीपचं वायरिंग नवीन केलं होतं त्यालाच विचारावं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकराव मला औशाला घेऊन गेले. जलीलभाई त्यांचे जुने दोस्त. बाजाराच्या टोकाला पत्र्याची शेड, समोर कडुनिंब. किल्ला लांबून दाखवला, आत नेलं नाही. मेकॅनिककडे निघालेल्या माणसाला किल्ला दाखवणं म्हणजे सासरी निघालेल्या मुलीला जत्रा दाखवणं, असं माणिकरावांचं मत.

जलीलभाईंनी आधी जेवायलाच बसवलं. खिचडी आणि चिंच-तिळाचा खट्टा, असा की मी बोटं चाटत राहिलो. आमच्या सोलकढीच्या तोंडात मारेल असं मी म्हटलं नाही, कारण चिपळूणला परत जायचं होतं.

मग आम्ही दोघं एका बाजूला ते आणि एका बाजूला मी असे जीपला चिकटलो. त्यांचं काम बघून माझं मन भरलं. प्रत्येक वायर बांधलेली, प्रत्येक सांध्यावर पट्टी. असा कारागीर चुकत नाही.

"वायरमें ऐब नै," ते हात पुसत म्हणाले. "बल्बमें ऐब नै. अर्थकी वायर पुरानी थी, मगर अच्छी थी, हिलाके देखा मैं. हिलतीच नै. फिर ऐब कां है?"

"मीही तेच विचारायला आलोय," मी म्हटलं.

"मेरेकू पूछको क्या फायदा. मौसीकू पूछो." मौसी म्हणजे प्रयागबाई. "गाडी मेरे पास आती सालमें एक बार. मौसीके पास रोज रैती."

माणिकराव चिडले. आरं आमच्या हिला कुलूप लावता येत न्हाई धड, ती काय सांगनार, असं काहीतरी पुटपुटले. मीही हसलो. आम्ही तिघंही शहाणे होतो.

परतीच्या वाटेवर मेघाचा फोन आला. "बाबा, सांगितलंत का अण्णांना?" माणिकराव शेजारीच, नजर रस्त्यावर. "उद्या," मी म्हटलं. फोन ठेवला आणि मनातल्या मनात ते वाक्य जुळवून पाहिलं. माणिकराव, हिच्यात आता दम नाही. छोटं वाक्य आहे, पण ते तोंडात घोळवताना मला फार वाईट वाटलं. दुकानात शेकडो लोकांना 'गाडी टाका आता' म्हणून सांगितलं असेल. कुणाची गाडी गव्हाणीसमोर उभी नव्हती.

माणिकराव गाव आलं तसं एवढंच म्हणाले, "इवाई, पोळा हूं द्या. मंग सांगा."

खांदेमळणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी, ऊन उतरल्यावर, बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून दुखावलेले खांदे गरम पाण्याने शेकायचे, हळद आणि तूप लावून चोळायचे आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. हे मी ऐकून होतो. त्याच संध्याकाळी ते बघायला मिळालं, बैलांशिवाय.

प्रयागबाई गरम पाण्याचं तपेलं आणि हळद-तुपाची वाटी घेऊन गोठ्यात आल्या. पदर खोचला. जीपचं पुढचं मडगार्ड म्हणजे तिचा खांदा. आधी डावं शेकलं, दोन बोटं तूप लावलं. मग उजव्या बाजूला आल्या आणि मडगार्डच्या वरून नव्हे, खालून हात घातला. सराईतपणे, पार आत, जिथे काल मी चाचपत होतो त्याच्याही वर. आणि डोळे मिटून चोळायला लागल्या.

"खाली काय चोळता, विहीणबाई?" मी सहज विचारलं.

"जू हितंच घासायचं हौश्याला," त्या म्हणाल्या. "हितं गाठ हाय बगा. त्याला बी व्हती, हिला बी हाय. आदी बारीक व्हती. दरसाली मोठी व्हायली. म्हनून हितं जास्ती तूप."

"आणि मग?"

"मंग काय, सकाळी हे रंग देत्यात. गाठीला दोन हात जास्ती. झाकून राहाया पायजे ना."

मी जागेवरून उठलो. त्यांना बाजूला व्हायला सांगून त्यांनी दाखवलं तिथे हात घातला. गुळगुळीत, लिंबाएवढी गाठ. त्या गाठीतून दिव्याची वायर आत गेलेली. मी ओढली तर हलेना, जलीलभाईंनी ओढली तर हलेना. हलणार कशी? वर्षानुवर्षं हळद, तूप आणि ऑइलपेंट यांचे थर एकावर एक बसून बोल्टाचा लाडू झालेला. आणि वायरीचं टोक त्या लाडवात होतं, लोखंडाला टेकलेलंच नव्हतं. तूप आत शिरत गेलं, वरून रंग बसत गेला. वायर पक्की, पण परतीची वाट बंद.

"माणिकराव, कानस द्या," मी म्हटलं.

गाठ फोडायला वेळ लागला. हिरवा थर, शेंदरी थर, पिवळं तूप, पुन्हा हिरवा. प्रत्येक पोळा वेगळा दिसत होता. शेवटी बोल्ट निघाला. खालचं लोखंड पांढरं होईपर्यंत पॉलिश पेपरने घासलं, वायरीच्या टोकाचं कडं घासलं आणि बोल्ट कसून आवळला. माणिकरावांना म्हटलं, "लावा दिवे."

समोरची गव्हाण उजळली. डावीकडे जेवढी, उजवीकडे तेवढीच. रिकामे खुंटे, त्यांच्यावर अडकवलेल्या जुन्या झुली, भिंतीवरचे हळदीचे हात, सगळं एकदम दिसलं. इंडिकेटर टाकायला लावला. तो एकटाच मिचकला. हेडलाइट ढळला नाही.

माणिकराव स्टिअरिंगवर हात ठेवून बसूनच राहिले. खाली उतरायचं त्यांना सुचेना. मी प्रयागबाईंकडे बघितलं, तर त्या दिव्याकडे बघत नव्हत्या. खाली पडलेल्या रंगाच्या खपल्या बघत होत्या.

"मंजी मीच त्याला आंधळं केलं," त्या म्हणाल्या.

अशा वेळी काय बोलायचं ते दुकानात शिकवत नाहीत. मी म्हटलं, "विहीणबाई, गंजून मेलेल्या गाड्या मी पुष्कळ बघितल्या. तुपाने आंधळी झालेली ही पहिलीच. आमच्या चिपळूणला सांगितलं तर लोक त्यांच्या गाड्या तुमच्याकडे राहायला पाठवतील." त्या हसल्या नाहीत. मग मी खरं ते सांगितलं, की या जीपला गंज नाही तो तुमच्या हातामुळे. एवढी जुनी गाडी आज उभी आहे ती तुमच्यामुळेच. फक्त हा एवढा बोल्ट कोरडा ठेवायचा.

त्यांनी एक खपली उचलून पाहिली. "उघडी जखम आसली की तूप न्हाई लावत," म्हणाल्या. "कोरडी हळद बी न्हाई. वारं लागू द्यायचं."

"तेच," मी म्हटलं.

"मंग आदी सांगायचं ना," त्या म्हणाल्या, "दोन दिस खाली लोळलाव उगं." आणि मग हसल्या. मग वाटी उचलून राहिलेल्या खांद्याला तूप लावलं, बोल्टाच्या चहूकडून, तेवढी जागा सोडून. दोन्ही दिव्यांसमोर उभ्या राहिल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

माणिकराव तेव्हा खाली उतरले. त्यांनी वाटीतलं उरलेलं हळद-तूप दोन बोटांवर घेतलं आणि काही कळायच्या आत माझ्या शर्टाच्या खांद्यावर चोळलं. पांढरा शर्ट, प्रवासासाठी मुद्दाम शिवलेला.

"दोन दिस जू वडलं तुमी," म्हणाले. "आवतन घ्या, इवाई."

पोळा

सकाळी मेघा आणि धनंजयराव आले. अंगणात पुरणाचा वास आणि जीपच्या मडगार्डवर ओला शेंदरी रंग. धनंजयरावांनी दिवे लावून बघितले, विझवून बघितले, पुन्हा लावले. मेघा मला बाजूला घेऊन गेली.

"बाबा, तुम्ही माझ्या बाजूने बोलणार होतात."

"मी नाडी बघून सांगणार होतो. नाडी चालू आहे."

तिच्या डोळ्यांतली भीती काही गेली नव्हती. ती म्हणाली, दिवा आज लागला, पण अण्णांचं वय काही मागे जाणार नाही. बोल्ट घासून ते नीट होण्यासारखं नव्हतं.

उत्तर माणिकरावांनीच दिलं. नैवेद्य झाला, पहिली पोळी बॉनेटवर, दुसरी गव्हाणीत, मग आम्ही जेवायला बसलो. तूप वाढता वाढता ते सुनेला म्हणाले, "मेघा, हौश्याचा डोळा झाला नीट. माजा काय आता नीट व्हत न्हाई. दिवसा मी चालवतो. दिस मावळला की किल्ली धनंजयची, न्हाईतर जीप जाग्यावर."

कुणी त्यांना हे विचारलं नव्हतं. धनंजयरावांचा हात ताटात थांबला. मेघा उठून आत गेली आणि बऱ्याच वेळाने गुळवणी घेऊन आली. नाकाचा शेंडा लाल होता. प्रयागबाई म्हणाल्या, "मिरची लागली आसंल."

पुरणपोळीवर मला भातही वाढला गेला, हे सांगायला हवं.

लातूर

पासिंगला आम्ही सगळेच गेलो. खरं तर एका माणसाचं काम, पण प्रयागबाई पुढच्या सीटवर बसल्या त्या उतरेनात. तपासणाऱ्या माणसाने दिवे लावायला सांगितले, लांबचा, जवळचा, इंडिकेटर, सगळं बघितलं. मग खाली वाकून मडगार्डच्या आत टॉर्च मारला आणि विचारलं, "एवढा रंग दिला, एवढीच जागा का सोडली?"

"तिथं वारं लागाया पायजे," प्रयागबाई आतूनच म्हणाल्या.

तो माणूस टॉर्च विझवून पुढच्या गाडीकडे गेला. जीप पास झाली.

माझी गाडी संध्याकाळची होती. स्टेशनाच्या आवारात पोचेपर्यंत दिवस मावळला. माणिकराव उतरले, पुढून फिरून गेले आणि किल्ली धनंजयरावांच्या हातात दिली. मला वाटतं त्या सगळ्या प्रवासात त्यांनी केलेलं सगळ्यात जड काम तेच. मी त्यांचा हात धरला फक्त. त्यांनी नारळ दिला.

जीप वळताना तिचे दोन्ही दिवे एकदा माझ्या अंगावरून गेले. सारखेच. प्रयागबाईंनी मान बाहेर काढली आणि ओरडून सांगितलं, "म्होरल्या पोळ्याला जेवाया या, इवाई. ईनबाईला बी आना." ईनबाई म्हणजे आमची ही.

घरी आल्यावर हिने शर्ट धुवायला घेतला. साबण झाला, लिंबू झालं, उन्हात टाकून झालं. खांद्यावरचा पिवळा डाग काही जाईना. परवा मी बघितलं तर दगडावर टाकून ब्रशने घासत होती.

"राहू दे तो," मी म्हटलं. "घासू नकोस. आवतण आहे."

तिने मग ब्रश खाली ठेवला आणि विचारलं, "पुढचा पोळा कधी येतोय?"